विहिणीच्या नावाचा डोळा

सुरतेत भागीरथीबाईंना गंडवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. आणि जन्मला असता तरी नवागामात त्यांच्या गल्लीत खोली घ्यायची त्याची छाती झाली नसती! प्लेगच्या साली अर्धी सुरत मिळेल त्या गाडीच्या टपावर बसून पळाली, पण भागीरथीबाई जागच्या हलल्या नाहीत. "मला इथे बसलेली पाहून प्लेगच पळेल," त्या म्हणाल्या, आणि खरंच थोड्या दिवसांत प्लेग गेला. त्यात औषधाच्या गोळ्यांचाही थोडा हात असेल, असं त्यांचा मुलगा योगराज म्हणून बसला. त्याला दोन दिवस कोरडी भाकर खावी लागली.

अशा बाईचे डोळे गेले!

एकदम नाही गेले. आधी दिव्याला पिसं फुटली, मग माणसांना फुटली, मग दिवा कुठला आणि माणूस कुठला ते कळेना. भागीरथीबाई घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करायच्या. एकदा धागा समजून त्यांनी साडीच कापली, चांगली वीतभर. पुढच्या आठवड्यात डाळीत मिठाऐवजी धुण्याचा सोडा पडला आणि डाळ पातेल्यातून उठून चालायला लागली. त्या दिवशी सून रंजनाने मिठाचा डबा, सोड्याचा डबा आणि कात्री, तिन्ही वस्तू आपल्या बाजूला ओढून घेतल्या. एक शब्द बोलली नाही! भांडून राज्य गेलं असतं तर चार बायकांत सांगता तरी आलं असतं. हे मुकाट्याने गेलं, ते जिव्हारी लागलं.

"मोतीबिंदू आहे, आई," योगराज म्हणाला. "काढावा लागेल."

"मग काढू! न विचारता राहायला आलाय, त्याला काढायला मुहूर्त बघायचा का?"

काढायचा, पण कुठे? अठरा वर्षं राहूनही सुरत भागीरथीबाईंना परमुलूखच होती. दुसरीपर्यंतच्या शाळेच्या जोरावर मराठी पाटी त्या अक्षराला अक्षर जोडत, मध्ये दम खात वाचू शकायच्या. पण गुजराती पाटीवरच्या अक्षरांना डोक्यावर रेघच नाही! "जिथली अक्षरंसुद्धा डोक्यावर पदर घेत नाहीत," त्या म्हणायच्या, "तिथल्या दवाखान्याचा काय भरवसा?"

योगराज मोठ्या दवाखान्यात चौकशी करून आला. तिथे इथलं रेशनकार्ड मागितलं, आणि रेशनकार्ड होतं गावी, पारोळ्याकडे, भावकीच्या पेटीत. कामगारांसाठी विम्याचा दवाखाना होता, तिथे सगळं फुकट; पण त्याला कारखान्यातून कार्ड मिळावं लागतं. योगराज अकरा वर्षं मागावर उभा होता. शेठच्या वहीत तो एक दिवसही उभा नव्हता! नाव लिहिलं की कार्ड द्यावं लागतं, म्हणून शेठ नावच लिहीत नसे. अकरा वर्षं बारा-बारा तास कापड विणलं कुणी? वही म्हणते, कुणीच नाही.

राहिला धर्मादाय कॅम्प. त्याची बातमी शेजारच्या सखुबाईने आणली.

"फुकट करतात हो. जेवायला शिरा देतात. फक्त कपाळावर नंबराची चिठ्ठी चिकटवतात."

"कपाळावर?"

"हो, म्हणजे माणसाची अदलाबदल होत नाही."

"मी काय बाजारातली म्हैस आहे?" भागीरथीबाई कडाडल्या. "अडतीस वर्षं या कपाळाला कुंकवाशिवाय दुसरं काही लागलेलं नाही! चिठ्ठी म्हणे! सांग तुझ्या कॅम्पवाल्यांना, स्वतःच्या कपाळावर चिकटवा आणि शिरा खा!"

त्याच रात्री जेवता जेवता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. डोळ्यांत पडत नव्हता, डोक्यात पडायला काय हरकत होती? त्यांची मुलगी नूतन सुरतेतच, गोडादऱ्यात दिली होती. जावई चेतन रंगाच्या मिलमध्ये पक्का कामगार, विम्याचं कार्ड असलेला. कार्डावर बायको, एक मूल आणि विधवा आई मंगलाबाई. त्यात सासू कुठेच बसत नव्हती. पण कार्डावरच्या फोटोत मंगलाबाईंनी, फोटोवाला परपुरुष म्हणून, पदर पार नाकापर्यंत ओढला होता. दिसत होती ती नुसती हनुवटी. आणि हनुवटी काय, खानदेशातल्या कुठल्याही म्हातारीची खपली असती!

"मंगलाबाईच्या नावाने जाते आणि डोळा करून येते," भागीरथीबाईंनी जाहीर केलं. "सुरतेला पत्ता लागणार नाही!"

बेत फक्कड होता. त्यात खडा एकच: मंगलाबाईंना विचारावं लागणार होतं. नूतनच्या लग्नात मंगलाबाईंनी मानाची साडी दोन बोटांत धरून "रंग जाईल हो हिचा," असं भर मांडवात म्हटलं होतं. नऊ वर्षं झाली. रंग गेला नाही, बोलणं गेलं.

तरी भागीरथीबाई गेल्या. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. त्यांना होती, पण त्या दिवशी घरी ठेवून गेल्या.

मंगलाबाईंनी चहा पुढे केला, तो भागीरथीबाईंच्या हाताच्या चार बोटं अलीकडे. भागीरथीबाईंनी हात पुढे केला, तो कपाच्या चार बोटं पलीकडे. मधल्या मोकळ्या जागेतून कप खाली गेला.

"कान बारीक आहे मेला कपाचा," मंगलाबाई म्हणाल्या.

"हल्ली कप चांगले येतच नाहीत," भागीरथीबाई म्हणाल्या. नऊ वर्षांतलं दोघींचं हे पहिलं एकमत.

"तुमचे डोळे कसे आहेत, विहीणबाई?" भागीरथीबाईंनीच विचारलं.

"माझे? घारीचे!" मंगलाबाई म्हणाल्या. "उडती माशी नर की मादी ते सांगते!"

ती माशी तेव्हा मंगलाबाईंच्याच बशीत पोहत होती, असं नूतनने मागाहून सांगितलं.

मंगलाबाईंनी कार्ड काढून दिलं. हरकत नाही, कुरकुर नाही. भागीरथीबाईंना संशय यायला हवा होता! पण देता देता विहीणबाईंनी टोला हाणलाच. "नाव जपून वापरा बरं का. पन्नास वर्षं स्वच्छ ठेवलंय. मळवू नका."

भागीरथीबाईंनी तो शब्द गिळला. बरोबर चहाही नव्हता, नुसताच गिळावा लागला.

जावई मात्र घाबरला होता. "मामी," चेतन हात जोडून म्हणाला, "तिथे तुमचं खरं नाव तोंडातून गेलं ना, तर माझं कार्ड जाईल, मागोमाग मिल जाईल. नूतनची शपथ आहे."

"जीभ माझी आहे, चेतनराव. मी सांगेन तेवढंच बोलते."

तपासणीच्या दिवशी भागीरथीबाई दवाखान्यात जाऊन बसल्या. सोबत पिशवी धरायला नवरा, काशिनाथ.

"मंगलाबेन दगाभाई!" खिडकीतून हाक आली.

भागीरथीबाई स्वस्थ.

"मंगलाबेन!"

भागीरथीबाईंनी नाक मुरडलं. परमुलखातही हिचंच नाव!

काशिनाथांनी कोपराने ढोसलं. त्यांचे कान मागांच्या खडखडाटात निम्मे गेले होते, पण नंबर कुठला चाललाय ते त्यांना दिसत होतं. "आपला नंबर शे ना व!"

"माझा कुठला? तिला बोलावतायत!" असं म्हणता म्हणता भागीरथीबाईंना आठवलं की ती म्हणजे आपणच, आणि त्या ताडकन उठल्या.

खिडकीतली बाई कार्ड बघत म्हणाली, "पतिनुं नाम?"

भागीरथीबाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. आता घ्यायचं होतं दुसऱ्या बाईच्या नवऱ्याचं, तेही बिनउखाण्याचं! त्यांनी कार्डावर बोट आपटलं. "लिहिलंय की त्यात!"

"माजी, आमां तो विधवा लख्युं छे. ने आ चांल्लो?" बाईने पेन रोखलं, ते भागीरथीबाईंच्या भुवईवर. कुंकू दाखवायचं तर मेलीला नेमसुद्धा धरता येत नाही, असं भागीरथीबाईंच्या मनात आलं.

"ते देवीचं आहे. नवसाचं!"

"ने आ भाई कोण?" पेन काशिनाथांकडे वळलं.

भागीरथीबाईंनी एक लांब श्वास घेतला. "शेजारी."

काशिनाथांना वाटलं, आपली तब्येत विचारतायत. ते हसून म्हणाले, "हां, हां. मजेमां!"

बाईने सगळं लिहून घेतलं. डॉक्टरने डोळ्यात बॅटरी मारली, डावा डोळा करायचा म्हणून कागदावर खूण केली, तारीख दिली. अठरा वर्षांत सुरतेतल्या कागदावर भागीरथीबाईंनी पहिल्यांदा सही केली, आणि त्यात त्या विधवा होऊन बसल्या!

हे त्यांच्या मनाने घेतलं. घरी येऊन त्यांनी काशिनाथांना पाटावर बसवून मीठमोहऱ्या ओवाळल्या. जेवताना काशिनाथांना एक शिंक आली. चार दिवस त्यांना काढा प्यावा लागला, पाचव्या दिवशी ते वैतागले.

"माले काय झायं व? मी मरेल शे का?"

"कागदावर मेलात ना!"

"कागदवर ते योगराज बी नही," काशिनाथ म्हणाले. "तो कोठे मरी गया?"

भागीरथीबाई उठून चुलीशी गेल्या. त्यांनी आणखी एक वाटी काढा दिला.

ऑपरेशनचा दिवस आला. भागीरथीबाई पहाटे न्हाल्या. आरशात धुक्याचा गोळा दिसत होता, त्या गोळ्याच्या मधोमध त्यांनी अंदाजाने रोजच्यासारखं ठसठशीत कुंकू लावलं. उद्या-परवा डोळा उघडेल. मग मिठाचा डबा परत, कात्री परत, राज्य परत! दवाखान्याच्या बाकावर त्या काशिनाथांशेजारी गादीवर बसल्यासारख्या बसल्या.

तेवढ्यात मंगलाबाई आल्या. आजाऱ्याला ऑपरेशनआधी भेटलं नाही तर भावकी वर्षभर नाव ठेवते, म्हणून आल्या होत्या. हातात मुगाच्या खिचडीचा डबा.

"काय हो मंगलाबाई," मंगलाबाईंनीच हळूच विचारलं, "भीती वाटते का?"

"भीती तुमच्या नावाला वाटत असेल. मला नाही!"

मंगलाबाई बसतात न बसतात तोच नर्स आली. "माजी, बधुं काढो. चेन, बंगडी, चांल्लो, कंई नहीं चाले."

आता आली का पंचाईत! भागीरथीबाईंनी मंगळसूत्र काढून काशिनाथांच्या खिशात घातलं. ज्याचं होतं त्याच्याकडे गेलं. कुंकवाचं दारात पोचल्यावर बघू, असं ठरवलं. पण बांगड्या! प्रत्येक हातात आठ, हिरव्या काचेच्या, मनगट बारीक होतं तेव्हाच्या मापाच्या. त्या मनगटात रुतून बसल्या होत्या.

नर्सने खिशातून कात्रीसारखं काहीतरी काढलं. "तोडी नाखुं?"

"खबरदार!" सगळा बाक दचकला. नवरा जिवंत असताना बांगड्या फोडायच्या? आधीच कागदावर विधवा करून ठेवलंय, वर हातही मोकळे करता? "मी काढते. अखंड काढते. साबण कुठे आहे?"

जाता जाता त्यांनी कार्ड मंगलाबाईंच्या मांडीवर टाकलं. "धरा तुमचं नाव. येतेच मी."

नळ व्हरांड्याच्या टोकाला होता. एकेक बांगडी हाडाला विचारून निघत होती आणि हाड नको म्हणत होतं. पहिल्या हाताला साबणाची अर्धी वडी संपली. दुसऱ्या हाताला डोळ्यांतून पाणी आलं, ज्या डोळ्यांनी दिसत नव्हतं त्यांतूनही! पण सोळाच्या सोळा बांगड्या अखंड निघाल्या. भागीरथीबाईंनी त्या पदराच्या गाठीत बांधल्या आणि लढाई जिंकून आल्यासारख्या बाकाकडे आल्या.

बाकावर खिचडीचा डबा होता. काशिनाथ होते. मंगलाबाई नव्हत्या.

"विहीण कुठे गेली?"

"तिले मझार लई ग्यात," काशिनाथांनी आतल्या दाराकडे बोट केलं.

"आत? कशाला?"

"तुन्हा आप्रेशनले."

झालं होतं असं. नर्सने येऊन "मंगलाबेन!" म्हटलं. खऱ्या मंगलाबाईंच्या तोंडून, पन्नास वर्षांच्या सवयीने, "ओ!" गेलं. नर्सने बघितलं: मांडीवर कार्ड. हात मोकळे. गळा मोकळा. कपाळ मोकळं. पदर नाकापर्यंत, हनुवटी फोटोतलीच. इतकी तयारीत बसलेली बाई दवाखान्याने त्या दिवशी दुसरी पाहिली नसेल! हाताला धरून उठवली, डोळ्यात थेंब टाकले आणि आत घेतली.

भागीरथीबाईंनी दारावर थापा मारल्या. "अहो थांबा! ती मी नाही! मी ती आहे!"

नर्सने दार किलकिलं केलं. "तमे कोण?"

भागीरथीबाईंचं तोंड उघडलं. भागीरथी म्हणावं, तर जावयाची मिल जाते. मंगला म्हणावं, तर मंगला आत टेबलावर झोपली आहे. आणि भागीरथी म्हटलं तरी कोण ओळखणार होतं? त्या नावाचं कार्ड नाही, कागद नाही, वहीत ओळ नाही. अठरा वर्षं या शहरात राहिलेली बाई, आणि शहराला विचारलं तर म्हणेल, कोण?

"मी..." त्या म्हणाल्या, "मी विहीण."

"सगां छो? तो बेसो. पछी तमारे ज सांभळवानुं छे," नर्स म्हणाली आणि दार लावून घेतलं. नात्यातल्या आहात, तर बसा. नंतर पेशंट तुम्हालाच सांभाळायचाय!

तासाभराने मंगलाबाई बाहेर आल्या, डाव्या डोळ्यावर बांगडीएवढी पट्टी.

"विहीणबाई, आहात का?"

"आहे," भागीरथीबाई दातांतून म्हणाल्या.

"नाव माझं घेतलं हो. माझ्या नावाला हाक मारल्यावर मी गप्प कशी बसू? माझेही दोन्ही डोळे गेलेत वर्षभरापासून. सुईला भीत होते म्हणून कुणाला सांगितलं नाही. पण यांनी विचार करायला वेळच दिला नाही! डॉक्टर म्हणाले, गेल्या वेळेपेक्षा बराच पिकलाय."

"घारीचे डोळे ना तुमचे?"

"तुम्हीही कप कुठे पकडलात?"

भागीरथीबाईंनी डबा उघडला. मंगलाबाईंनी भागीरथीबाईंसाठी आणलेली खिचडी, भागीरथीबाईंनी मंगलाबाईंना आपल्या हाताने भरवली. पहिला घास अंदाज चुकून नाकाला लागला. तो अंदाज चुकलाच होता का, हे आपण विचारू नये.

पाच दिवस भागीरथीबाई त्या खाटेशेजारी राहिल्या. नूतनच्या मांडीवर लहान मूल, चेतनला मिलची पाळी. दुसरं कोण राहणार? डोळ्यात थेंब घाला, हात धरून मोरीत न्या, उशी सरळ करा. आंधळीने आंधळीला मोरीत न्यायचं म्हणजे दोघी तीनदा बायकांच्या वॉर्डातून बाहेर आणि एकदा औषधांच्या खोलीत! शेजारच्या खाटेवरची बाई रोज म्हणायची, "मंगलाबेन, तुम्हाला विहीण मिळाली ती नशिबाने मिळाली." मंगलाबाई गोड आवाजात म्हणायच्या, "हो ना. माझ्या नावासाठी जीव टाकते."

सहाव्या दिवशी पट्टी सुटली. घरी न्यायला काशिनाथही आले होते.

मंगलाबाईंनी डोळा मिचकावला, पुन्हा मिचकावला. छत बघितलं. पंखा बघितला. पंख्यावरची धूळ बघून तोंड वाकडं केलं, म्हणजे डोळा उत्तम झाला होता. मग त्यांनी भागीरथीबाईंकडे बघितलं. बघतच राहिल्या.

"काय झालं?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"विहीणबाई, रागावू नका. तुमचं कुंकू वाकडं आहे."

"काय?"

"वाकडं म्हणजे... भुवईवर आहे. उजव्या. आणि काल-परवाचंही आहे, त्याच्या बाजूला डाग पडलाय. फार दिवसांपासून तिथेच लावताय का?"

भागीरथीबाई खाटेच्या कडेवर बसल्या. वर्षभर! वर्षभर त्या हे कपाळ मिरवत नवागामात फिरत होत्या. रंजना रोज समोर बसून जेवत होती. योगराज रोज पाया पडत होता. सखुबाई रोज दारात उभी. एकाचीही हिंमत झाली नाही! खिडकीतल्या त्या बाईचा नेम चुकला नव्हता.

त्यांनी काशिनाथांकडे तोंड वळवलं. "तुम्हालासुद्धा दिसलं नाही?"

"दिसे ना," काशिनाथ म्हणाले. "माले वाटे, तू मुद्दाम लावस."

भागीरथीबाईंनी पदराने कपाळ खसाखसा पुसलं आणि पिशवीतली कुंकवाची डबी काढली. बोट बुडवलं, आणि बोट हवेतच राहिलं. कपाळ कुठे सुरू होतं, भुवई कुठे संपते, काही कळेना.

मंगलाबाईंचा हात पुढे आला आणि मधेच थांबला. विधवेने दुसरीच्या कुंकवाला हात कसा लावायचा? तो त्यांनी मागे घेऊन मांडीखाली दाबला.

"मी सांगते तसं बोट हलवा," त्या म्हणाल्या. "जरा डावीकडे. माझं डावं नव्हे, तुमचं. अजून. आता वर. थांबा! तिथेच टेका."

जन्मात कुणाचं न ऐकलेल्या भागीरथीबाईंनी बोट टेकलं.

"आता कसं दिसतंय?"

"शोभतंय," मंगलाबाई म्हणाल्या. आणि लगोलग, "दुसऱ्या डोळ्याची तारीख दिलीय मला. पुढच्या महिन्यातली. सोबत याल ना?"

संध्याकाळी योगराज मागावरून घरी आला, तेव्हा भागीरथीबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. हातात सोळा बांगड्या परत चढवल्या होत्या. चढताना त्यांनी काढतानापेक्षा जास्त रडवलं होतं.

"तो कॅम्प कधी आहे रे?"

योगराज चपापला. "पण आई, तिथे कपाळावर चिठ्ठी चिकटवतात."

"माहीत आहे," भागीरथीबाई भिंतीला म्हणाल्या. "सरळ चिकटवतात का, तेवढं विचारून ये."